गाणी नीट ऐकायची असतील तर गाडी कोणती घ्यावी?

गाडीत चांगली साउंड सिस्टिम बसवायची म्हटले की बहुतेक जण लगेच वूफर (खर्जाचा मोठा स्पीकर), अँप्लिफायर (स्पीकरला ताकद देणारे यंत्र) आणि स्पीकर यांच्या चर्चेला लागतात. गाडी मात्र त्यांनी मायलेज, रंग आणि ऑन-रोड किंमत पाहून केव्हाच घेतलेली असते. वास्तविक घरातल्या स्पीकरला जशी लाकडी पेटी असते, तशी गाडीतल्या स्पीकरची पेटी म्हणजे गाडीच असते. समोरच्या स्पीकरला दाराचा पत्रा धरून ठेवतो, वूफरचा आवाज डिकी आणि केबिन मिळून घडवतात, आणि या सगळ्याला वीज पुरवणारा अल्टरनेटरही गाडीचाच असतो. स्पीकर आवडला नाही तर वर्षभराने बदलता येतो. दाराची घडण, डॅशबोर्डची ठेवण आणि डिकीचा केबिनशी असलेला संबंध यांत मात्र नंतर फारसे काही करता येत नाही. म्हणून ज्याला पुढे कस्टम सिस्टिम करायची आहे, त्याने गाडी बुक करण्याआधीच काही गोष्टी तपासून घ्याव्यात.

पहिला प्रश्न सेडान, हॅचबॅक की एसयूव्ही हा आहे, आणि त्याचे उत्तर खर्जावर, म्हणजे बेसवर, अवलंबून आहे. माझी पहिली गाडी सेडान होती आणि डिकी मोठी म्हणून मी तिच्यात १२ इंची वूफरची पोर्ट, म्हणजे हवेची नळी, असलेली पेटी बसवून घेतली. पहिल्याच संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाणे लावून मी गाडीच्या मागे जाऊन उभा राहिलो. डिकीच्या झाकणावर तळहात ठेवला तर झाकण हाताखाली थरथरत होते आणि नंबरप्लेट खडखडत होती. पुन्हा ड्रायव्हरच्या सीटवर येऊन बसलो तर खर्ज जेमतेम जाणवत होता. माझ्यापेक्षा शेजाऱ्यांनाच तो अधिक ऐकू येत असावा. शेवटी मागच्या सीटमधला हात टेकायचा भाग खाली पाडला, त्यामागचा पुठ्ठ्याचा पडदा काढला आणि तेवढ्या खिडकीतून आवाज एकदम केबिनमध्ये आला. दोष वूफरचा नव्हताच. सेडानची डिकी ही स्वतंत्र खोली असते. तिच्या आणि केबिनच्या मध्ये सीटचा फोम, पत्र्याची भिंत आणि पार्सल ट्रे असतो, आणि आवाजाला त्यातून वाट काढावी लागते.

म्हणून सेडान घ्यायचीच असेल तर मागचे सीट दुमडते का, निदान मधल्या आर्मरेस्टमागे डिकीत उघडणारी जागा आहे का, हे शोरूममध्ये सीट ओढून पाहावे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक सेडानचे मागचे सीट दुमडत नाही. फोक्सवॅगन व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हिया यांत ६०:४० दुमडणारे सीट मिळते, तरी आपण घेत असलेल्या व्हेरियंटमध्ये ते आहे याची खातरजमा करावी. सेडानची बाजू अशी की डिकीतला खडखडाट आणि मागच्या चाकांचा आवाज केबिनपासून थोडा दूर राहतो, आणि वूफरची पेटी नजरेआड, कुलूपबंद जागेत असते.

हॅचबॅक आणि एसयूव्ही यांत डिकी आणि केबिन ही एकच हवा असते, आणि तिथे एक फायदा फुकट मिळतो. बंद केबिनमध्ये एका मर्यादेखालच्या खर्जाला केबिनच बळ देते. केबिनच्या सर्वांत लांब अंतराच्या दुप्पट ज्या स्वराची तरंगलांबी असते, साधारण तिथून खाली हा परिणाम सुरू होतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला आणि डॅशबोर्डपासून मागच्या काचेपर्यंतचे अंतर ३ मीटर असले, तर ही मर्यादा ५७ हर्ट्झच्या आसपास येते. अंतर अडीच मीटरच असेल तर ती ६९ हर्ट्झच्या आसपास जाते. हिशेबाप्रमाणे त्याखाली प्रत्येक सप्तकाला १२ डेसिबलची भर पडायला हवी. प्रत्यक्षात काचा, छत आणि दारे थोडी लवत असल्यामुळे ती कमी पडते, पण पडते हे नक्की. त्यामुळे लहान हॅचबॅकमध्ये बंद पेटीतला १० इंची वूफरही पुरेसा खर्ज देतो आणि अवाढव्य पेटीची गरज उरत नाही. कापडी छताच्या गाडीत हा लाभ जवळजवळ नाहीसा होतो. महिंद्रा थारच्या २०२० च्या पिढीत तर कंपनीने काही स्पीकर छतालाच लावले आहेत. ज्यांना थारमध्ये सिस्टिम करायची आहे त्यांनी पक्क्या छताचे मॉडेल घ्यावे आणि समोरच्या आवाजासाठी जागा कुठे काढायची याचा विचार आधीच करून ठेवावा.

डिकी किती लिटरची आहे, या माहितीपत्रकातल्या आकड्याला लोक नको तितके महत्त्व देतात. बलेनोची ३१८ लिटर, ब्रेझाची ३२८ लिटर, क्रेटाची ४३३ लिटर, होंडा सिटीची ५०६ लिटर आणि व्हर्नाची ५२८ लिटर, असे आकडे समोर ठेवले की व्हर्ना जिंकली असे वाटते. पण १० इंची वूफरच्या बंद पेटीला १७ ते २२ लिटर, १२ इंचीच्या बंद पेटीला २८ ते ३५ लिटर आणि त्याच वूफरच्या पोर्टच्या पेटीला ५० ते ६५ लिटर आतली जागा सहसा पुरते. एवढी जागा बलेनोतही निघते. खरा प्रश्न पेटी ठेवल्यावर काय उरते हा आहे. स्टेपनी डिकीच्या तळाखाली असेल तर पंक्चर झाल्यावर महामार्गाच्या कडेला, कदाचित पावसात, तीस किलोची पेटी उचलून बाहेर काढावी लागेल. म्हणून पेटी बोल्टने आवळण्यापेक्षा बेल्ट किंवा सुटणाऱ्या क्लिपांवर बसवता येईल अशी जागा आहे का, हे पाहावे. ज्या गाड्यांची स्टेपनी बाहेरून खाली टांगलेली असते किंवा मागच्या दारावर असते, त्यांत ही कटकट नाही.

सीएनजी घेणाऱ्यांनी विशेष विचार करावा. नेहमीच्या रचनेत सिलिंडर जवळजवळ सगळी डिकी खातो आणि वूफरला जागा उरते ती फक्त पुढच्या सीटखाली. टाटाने २०२३ साली अल्ट्रोझमध्ये दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाखाली बसवून वरची जागा बरीच मोकळी ठेवली, आणि नंतर ह्युंदाईनेही एक्स्टरमध्ये तशी रचना आणली. सीएनजीबरोबर सिस्टिमही हवी असेल तर अशीच गाडी पाहावी. मात्र गॅसची नळी कोणत्या बाजूने जाते ते माहीत असल्याशिवाय डिकीच्या तळाला किंवा बाजूला कोणालाही भोक पाडू देऊ नये. सिलिंडरवर पेटी टेकवणे किंवा सिलिंडरच्या पट्ट्यांना काही बांधणे तर कटाक्षाने टाळावे.

आता दारांकडे वळतो. माझ्या मते गाडीच्या आवाजाचा निम्म्याहून अधिक निकाल पुढच्या दोन दारांत लागतो आणि याच गोष्टीकडे सर्वांत कमी लोक पाहतात. डेमो गाडीचे दार उघडून बाहेरच्या पत्र्यावर, हँडलच्या खाली, बोटाच्या पेराने टिचकी मारावी. ‘ठण्ण’ असा लांबणारा आवाज आला तर पत्रा पातळ आणि मोकळा आहे. ‘ठप्’ असा लगेच मरणारा आवाज आला तर त्याला आतून आधार आहे. मग आतल्या प्लॅस्टिकच्या पॅडवर स्पीकरच्या जाळीभोवती अंगठ्याने दाबून पाहावे. पॅड आत-बाहेर हलत असेल, कुरकुरत असेल, तर उद्या ६० वॅटचा स्पीकर तिथे बसल्यावर तो गाण्याबरोबर वाजणारच. ब्युटाइल रबराच्या, कंप शोषणाऱ्या डॅम्पिंग शीटने दोन्ही दोष बरेच कमी होतात, पण मुळात जे दार घट्ट आहे त्याला दोन शीट पुरतात, आणि जे मोकळे आहे त्याला सगळा पत्रा मढवावा लागतो. पैसे लागतात, बिजागरीवर वजनही येते.

स्पीकरच्या जागेचे माप नीट विचारावे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत पुढच्या दारात साडेसहा इंची, म्हणजे सुमारे १६५ मिलिमीटरचा स्पीकर बसतो आणि बाजारात सर्वांत जास्त पर्याय याच मापात आहेत. व्यासाइतकीच खोलीही महत्त्वाची आहे. चांगल्या कंपोनंट स्पीकरला (ज्यात उंच स्वरांचा छोटा स्पीकर वेगळा असतो) ६० ते ७० मिलिमीटर खोली लागते आणि काच पूर्ण खाली आल्यावर ती चुंबकाला घासता कामा नये, म्हणून माप घेताना काच नेहमी खाली करूनच घ्यावे. खोली कमी पडली तर मधे रिंग टाकून स्पीकर थोडा बाहेर आणतात. या रिंगा एमडीएफच्या, म्हणजे दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या फळीच्या, नसाव्यात. दाराच्या आत पावसाचे पाणी येतच असते, ते खालच्या भोकांतून निघून जावे अशीच रचना असते. आणि रत्नागिरीच्या दोन पावसाळ्यांनंतर एमडीएफची रिंग ओल्या बिस्किटासारखी फुगून स्क्रू सोडून देते हे मी स्वतः उघडून पाहिले आहे. प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची रिंग आणि आवरण दिलेला किंवा पॉलिप्रॉपिलीनचा कोन (स्पीकरचा हलणारा पडदा), हे कोकणात आणि मुंबईत तरी गृहीतच धरावे.

ट्विटरची, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरची, जागा कुठे आहे यावर गायकाचा आवाज कुठून येतो हे ठरते. आरशामागच्या त्रिकोणात किंवा डॅशबोर्डच्या कोपऱ्यात कंपनीने जाळी दिली असेल तर उत्तम. टॉप मॉडेलमध्ये तिथे ट्विटर असतो आणि खालच्या मॉडेलमध्ये नुसती जाळी किंवा कोरा तुकडा असतो, जो स्पेअर पार्ट म्हणून बदलून घेता येतो. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर ट्विटर बसवण्याची फॅशन जुनी आहे, पण आता अनेक गाड्यांत ६ एअरबॅग आल्या आहेत आणि बाजूच्या पडदा-एअरबॅगचा मार्ग त्याच खांबांलगत जातो. तिथे काहीही चिकटवू नये, वायरही ओढू नये. सीटखाली आणि खांबांत पिवळे कनेक्टर दिसले तर ते बहुधा एअरबॅगचे असतात. त्यांना फिटरने हात लावू नये हे काम सुरू होण्यापूर्वीच सांगावे.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या दाराचा स्पीकर त्याच्या फार जवळ आणि डावा लांब असतो. उजवा ९० सेंटीमीटरवर आणि डावा १३५ सेंटीमीटरवर असेल, तर ४५ सेंटीमीटरच्या फरकामुळे डावा आवाज १.३ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि गायक उजव्या गुडघ्यापाशी बसून गातो आहे असे वाटते. डीएसपी, म्हणजे प्रत्येक स्पीकरचा सिग्नल वेगळा जुळवणारे यंत्र, लावून उजव्या स्पीकरला तेवढा उशीर देता येतो, परंतु स्पीकर जर ड्रायव्हरच्या पोटरीमागे झाकला जात असेल तर डीएसपीही फार काही करू शकत नाही. म्हणून आपल्या उंचीप्रमाणे सीट लावून बसावे आणि पाय स्पीकरच्या जाळीवर येतो का ते पाहावे. मोठ्या केबिनच्या गाडीत हा फरक सहसा कमी जाचतो.

व्हेरियंटची निवड हा पुढचा, आणि पैशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा, निर्णय. सोनी, बोस, हरमन, जेबीएल अशा नावांची सिस्टिम असलेले टॉप मॉडेल घेऊन नंतर ती काढून टाकणे हा दुहेरी खर्च आहे. अशा सिस्टिममध्ये कंपनीचा स्वतंत्र अँप्लिफायर असतो, प्रत्येक स्पीकरला कोणते स्वर पाठवायचे हे आधीच वाटून दिलेले असते आणि त्या त्या स्पीकरच्या उणिवा झाकण्यासाठी सिग्नल मुद्दाम वाकडा केलेला असतो. तिथे चांगला स्पीकर लावला की उलट वाईट वाजतो. एक्सयूव्ही ७०० च्या वरच्या मॉडेलमधली १२ स्पीकरची सिस्टिम ऐकून ज्याचे समाधान होते, त्याने तीच ठेवावी आणि कस्टमच्या भानगडीत पडू नये. ज्याला पडायचेच आहे त्याने मधले व्हेरियंट घ्यावे: पुढे-मागे स्पीकर आणि वायरिंग असलेले, पण ब्रँडेड अँप्लिफायर नसलेले. सर्वांत खालच्या मॉडेलमध्ये स्टिरिओ नसतो आणि डॅशबोर्डवर मोकळा खाचा मिळतो हे चांगलेच, परंतु मागच्या दारांपर्यंत वायर आणि छतावरचा अँटेना आहे का ते विचारावे, नाहीतर तेवढ्यासाठी सगळी गाडी उलगडावी लागते.

पूर्वी सिंगल डिन म्हणजे सुमारे १८० बाय ५० मिलिमीटर आणि डबल डिन म्हणजे त्याच्या दुप्पट उंची, एवढे माप माहीत असले की कोणताही स्टिरिओ कोणत्याही गाडीत बसत असे. आता एसी, मागचा कॅमेरा आणि गाडीच्या सेटिंग या सगळ्या एकाच पडद्यात असतात आणि पडदा काढला की या गोष्टीही जातात. म्हणून नव्या गाडीत स्टिरिओ तसाच ठेवून त्याच्या स्पीकर-वायरमधून सिग्नल घेणारा डीएसपी लावणे शहाणपणाचे. त्यासाठी त्या मॉडेलचा तयार कपलर (वायर न कापता जोडता येणारा प्लग) बाजारात मिळतो का, हे गाडी ठरवण्यापूर्वी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा आपल्या गावच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात विचारून घ्यावे. खूप विकल्या जाणाऱ्या गाडीचा कपलर, दाराची रिंग, डॅशबोर्डची फ्रेम सगळे तयार मिळते. नुकत्याच आलेल्या किंवा कमी खपणाऱ्या मॉडेलमध्ये वायर कापावी लागते. एकदा वायर कापली की वायरिंगच्या वॉरंटीवरून सर्व्हिस सेंटरशी वाद ठरलेला.

विजेचा हिशेब कागदावर करता येतो. समजा पुढच्या-मागच्या स्पीकरसाठी ७५ वॅट आरएमएसचे (म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचे) ४ चॅनल आणि वूफरसाठी ५०० वॅटचा क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणारा, अँप्लिफायर आहे. पहिल्याची कार्यक्षमता ६० टक्के आणि दुसऱ्याची ८० टक्के धरली तर दोन्ही मिळून ११२५ वॅट ओढतील, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे ८० अँपिअर. हा पूर्ण आवाजातला कमाल आकडा झाला. गाण्यातली सरासरी त्याच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी असते. तरीही लहान पेट्रोल गाडीचा अल्टरनेटर सर्वसाधारणपणे ७० ते ९० अँपिअरचा असतो, आयडलिंगवर तो त्याहून बराच कमी देतो, आणि पावसाळ्यात रात्री ट्रॅफिकमध्ये हेडलाइट, वायपर, एसीचा ब्लोअर हे सगळे त्याच्यावरच चालू असतात. इतकी सिस्टिम करायची असेल तर मोठा अल्टरनेटर आणि मोठी बॅटरी असलेली गाडी, बहुधा डिझेल, सोयीची पडते. स्पीकरच्या खोक्यावरचे हजार-दोन हजार वॅट या हिशेबात धरायचे नाहीत. आरएमएसचाच आकडा धरावा.

सेल्समनची हरकत नसेल तर इंजिन चालू ठेवून, लाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डिफॉगर लावून बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर धरावा. १३.५ च्या वर आकडा टिकत असेल तर चांगले. इंधन वाचवण्यासाठी काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करतो, मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्या हे त्याचे ओळखीचे उदाहरण. त्यांत आकडा खाली-वर झाला म्हणून बिघाड समजू नये, पण अँप्लिफायर कमी व्होल्टेजलाही नीट चालणारा निवडावा. बॅटरीच्या ऋण टोकावर चौकोनी सेन्सर दिसला तर अँप्लिफायरची अर्थिंग त्या टोकावर न घेता बॉडीच्या पत्र्यावर घ्यावी. बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज बसवायला जागा आहे का, आणि बॉनेटमधून केबिनमध्ये जाड वायर नेण्यासाठी रबराचे बूच कुठे आहे, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाज नसल्यामुळे बारीक तानही ऐकू येते, हा मोठा फायदा. तिथे १२ व्होल्टची बॅटरी अल्टरनेटरवर नव्हे तर मोठ्या बॅटरीतून डीसी कन्व्हर्टरमार्फत चार्ज होते, म्हणून त्या कन्व्हर्टरला झेपेल इतकीच, म्हणजे मध्यम, सिस्टिम करावी. नारिंगी रंगाची केबल उच्च दाबाची असते. तिच्या आसपास फिटरला काम करू देऊ नये.

टेस्ट ड्राइव्हला जाताना आपल्या रोजच्या ऐकण्यातली पाच-सहा गाणी चांगल्या दर्जाच्या फाइलमध्ये पेन ड्राइव्हवर न्यावीत: एखादे तबला-तंबोऱ्याचे, एखादे नुसत्या आवाजाचे, एखादे ढोल-ताशाचे. बेस-ट्रेबल शून्यावर, फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारी सेटिंग) पूर्ण पुढे करावा. आधी इंजिन बंद ठेवून, मग आयडलवर, मग ६० आणि ८० च्या वेगाला तेच गाणे त्याच आवाजात ऐकावे. तंबोरा ६० ला हरवत असेल तर टायरचा आणि वाऱ्याचा आवाज जास्त आहे, आणि तो झाकण्यासाठी पुढे कायम आवाज वाढवावा लागेल. काँक्रीटच्या रस्त्यावर हे लगेच कळते, म्हणून फेरी डांबरी रस्त्यापुरती ठेवू नये. शांत केबिन हा मला वूफरपेक्षा मोठा गुण वाटतो, आणि माहितीपत्रकात तो छापलेला नसतो.

जुनी गाडी घेत असाल तर आधीच्या मालकाने काय करून ठेवले आहे ते बघावे: दाराचे पॅड उघडून आतला प्लॅस्टिकचा पडदा फाटला आहे का, टेप गुंडाळलेले जोड किती आहेत, बॅटरीपासून बिनफ्यूजची वायर मागे गेली आहे का. बसवलेल्या सिस्टिमची किंमत विमा कंपनीला वेगळी कळवावी लागते, नाहीतर चोरी झाल्यावर तिचे पैसे मिळत नाहीत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतल्या ध्वनिक्षेपकांवरचे २००० सालच्या नियमांचे बंधनही लक्षात असावे.

शेवटच्या फेरीला जाताना किराणा दुकानातले खोके कापून ४५ बाय ३६ बाय ३३ सेंटीमीटरचा एक पुठ्ठ्याचा डबा करून न्यावा. १२ इंची वूफरची बंद पेटी १८ मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये बाहेरून साधारण एवढीच होते. तो डिकीत ठेवावा, शेजारी घरातली नेहमीची प्रवासी बॅग ठेवावी, डबा न काढता स्टेपनीपर्यंत हात पोचतो का पाहावे आणि डिकीचे झाकण लावून पाहावे. सेल्समन थोडा चमकतो, पण बुकिंगची रक्कम देण्याआधी हे त्याच्यासमोरच करून घ्यावे.